प्रमाणपत्र मिळालेला चित्रपट इंदूरमध्ये नेमका कोणी अडवला?

रामबागकर, इंदूर

'पद्मावत' हा चित्रपट २५ जानेवारी २०१८ रोजी देशभर प्रदर्शित झाला. त्या दिवशी सकाळी मी इंदूरमधल्या एका चित्रपटगृहात जाऊन तो कोणत्या खेळाला आहे अशी चौकशी केली, तेव्हा खिडकीवरच्या मुलाने मला आत व्यवस्थापकांकडे पाठवले. "बंदी आहे का?" असे मी त्यांना विचारले. "बंदी नाही, पण आम्ही लावणार नाही," एवढेच ते म्हणाले आणि त्यापुढे बोलण्याची त्यांची इच्छा दिसली नाही. भावना दुखावल्याच्या कारणावरून चित्रपट अडवण्याचा विषय निघाला की मला अजून तेच उत्तर आठवते.

त्याआधी काय काय घडले होते ते पाहावे. राणी पद्मावतीच्या चित्रणावर रजपूत संघटनांनी आक्षेप घेतला होता. नोव्हेंबर २०१७ मध्ये, म्हणजे केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाने (सेन्सॉर बोर्डाने) चित्रपट पाहण्याच्याही आधी, मध्य प्रदेशाचे तत्कालीन मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी तो राज्यात दाखवू दिला जाणार नाही असे जाहीर केले होते. मंडळाने ३० डिसेंबरला पाच बदल सुचवून यू/ए प्रमाणपत्र देण्याचे ठरवले आणि 'पद्मावती' या नावाचे 'पद्मावत' झाले. त्यानंतरही राजस्थान आणि गुजरात यांनी बंदीच्या अधिसूचना काढल्या. सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारीला त्यांना स्थगिती दिली आणि इतर राज्यांनीही तसा आदेश काढू नये असे बजावले. मध्य प्रदेश आणि राजस्थान ही राज्ये हा निर्णय मागे घ्यावा म्हणून पुन्हा न्यायालयात गेली आणि २३ जानेवारीला त्यांची विनंती फेटाळली गेली. कायद्याच्या दृष्टीने प्रश्न तिथे मिटला होता. तरीही मल्टिप्लेक्स चालकांच्या संघटनेने मध्य प्रदेश, गुजरात, राजस्थान आणि गोवा या चार राज्यांत हा चित्रपट दाखवणार नसल्याचे सांगून टाकले.

मी देवधर्म मानणारा माणूस आहे. श्रद्धेची टिंगल पडद्यावर पाहायला मलाही आवडत नाही, आणि आक्षेप घेण्याचा अधिकार कोणाला नसावा असे माझे म्हणणे नाही. चित्रपट अडवायचाच असेल तर तो पाहिलेल्या माणसाने, कारणे लिहून आणि खाली सही करून अडवावा, म्हणजे त्या कारणांविरुद्ध कोणाला तरी दाद मागता येईल, इतकीच माझी अपेक्षा आहे. आपल्या शहरात त्या दिवशी कोणाचीच सही नव्हती. आपणा सर्वांचे अनुभव आणि मतभेद दोन्ही वाचायला आवडतील.

सुदामानगर, इंदूर

रामबागकर, आपली तळमळ समजते, पण आपण प्रश्नाची एकच बाजू पाहत आहात असे मला वाटते. रस्त्यावर उतरणारा प्रत्येक माणूस भाड्याचा नसतो. माझ्या वडिलांनी चाळीस वर्षे श्रावणी सोमवारी उज्जैनला जाऊन महाकालाचे दर्शन घेतले. अशा माणसाला आपल्या दैवताचे चित्रण पाहून वाईट वाटले तर त्याने न्यायालयाची पायरी चढायची, वकील लावायचा आणि तारखा मोजायच्या, ही अपेक्षा त्याला परवडणारी नाही.

चित्रपट आणि पुस्तक यांतही फरक आहे. पुस्तक माणूस एकट्याने वाचतो आणि नको वाटले तर मिटून ठेवतो, पण अंधारात एकत्र बसलेल्या शेकडो लोकांवर चित्र आणि संगीत यांचा परिणाम वेगळाच होतो. हे सर्वोच्च न्यायालयानेही १९७० मध्ये ख्वाजा अहमद अब्बास यांच्या खटल्यात मान्य केले आणि चित्रपट आधी तपासण्याची पद्धत वैध ठरवली. तो निर्णय देणारे सरन्यायाधीश हिदायतुल्ला हे आपल्या मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे पहिले मुख्य न्यायाधीश होते, याची आठवण करून देतो.

आक्षेपांमुळे काही वेळा चांगलेही घडते. 'ओएमजी २' ची कथा महाकालाच्या परिसराशी जोडलेली होती आणि तिथल्या पुजाऱ्यांनी नाराजी व्यक्त केली होती. मंडळाने सत्तावीस बदल करायला लावले, शंकराच्या रूपातले मुख्य पात्र शिवाचा दूत झाले आणि चित्रपट ऑगस्ट २०२३ मध्ये सुखरूप प्रदर्शित झाला. कोणाची काच फुटली नाही. यात चूक काय झाली?

अभिभाषक, इंदूर

मी बरीच वर्षे वकिली केली आहे, म्हणून कायद्याची बाजू थोडी विस्ताराने मांडतो. सुदामानगर यांचा मुद्दा गंभीर आहे आणि त्याला गंभीरपणेच उत्तर द्यायला हवे.

राज्यघटनेच्या कलम १९(२) मध्ये अभिव्यक्तीवर मर्यादा घालण्याची कारणे मोजून दिलेली आहेत. देशाची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, नीतिमत्ता, अब्रुनुकसानी वगैरे कारणे तिथे सापडतात, पण 'धार्मिक भावना' हे शब्द त्या यादीत नाहीत. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याचे कलम ५ब जवळजवळ तीच यादी पुन्हा देते. धर्माचा उल्लेख येतो तो १९९१ च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये, जिथे वांशिक, धार्मिक किंवा इतर समूहांना तुच्छ लेखणारी दृश्ये अथवा शब्द असू नयेत असे मंडळाला सांगितले आहे. १९२७ मध्ये दंडसंहितेत घातलेले आणि आता न्यायसंहितेत कलम २९९ झालेले जुने २९५अ हे कलमसुद्धा हेतुपुरस्सर आणि दुष्ट बुद्धीने केलेल्या अपमानालाच लागू होते. १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले, तेसुद्धा सार्वजनिक सुव्यवस्थेच्या आधारावर. म्हणजे आपल्याकडे धार्मिक भावनेच्या आधारावर होणारी प्रत्येक बंदी शेवटी 'गडबड होईल' या कारणावर येऊन टेकते. खरी अडचण इथेच आहे, कारण गडबड करण्याची ताकद ज्याच्याकडे आहे त्याची भावना आपोआप वजनदार ठरते आणि शांतपणे दुःख गिळणारा भाविक, सुदामानगर यांच्या वडिलांसारखा, हिशेबातच धरला जात नाही.

न्यायालयांनी यावर बरेच पूर्वी विचार केला आहे. नागपूर उच्च न्यायालयात असताना न्या. व्हिव्हियन बोस यांनी असे म्हटले होते की, शब्दांचा परिणाम समंजस, खंबीर आणि धीट माणसाच्या मापाने जोखावा, प्रत्येक विरोधी मतात संकटाचा वास घेणाऱ्या दुबळ्या मनाच्या मापाने नव्हे. ते नागपूर उच्च न्यायालयच १९५६ मध्ये जबलपूरला येऊन मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय झाले, तेव्हा हा वारसा आपल्या घरचा आहे. 'तमस' या दूरचित्रवाणी मालिकेवरचा आक्षेप १९८८ मध्ये फेटाळताना सर्वोच्च न्यायालयाने हेच माप वापरले. पुढच्याच वर्षी एका तमिळ चित्रपटाच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितले की, निदर्शनांच्या आणि हिंसेच्या धमकीमुळे अभिव्यक्ती दाबता येत नाही, कारण तसे करणे म्हणजे धमकी देणाऱ्यांपुढे शरणागती पत्करणे होईल. सुव्यवस्था राखणे हे राज्याचे कर्तव्य आहे आणि परिस्थिती हाताळता येत नाही ही सबब त्याला सांगता येणार नाही.

केंद्र आणि राज्य यांच्यातली वाटणीही स्पष्ट आहे. प्रदर्शनासाठी चित्रपट मंजूर करणे हा संघसूचीतला विषय आहे आणि चित्रपटगृहांचे नियमन राज्यसूचीत येते, पण केंद्राच्या त्या अधिकाराच्या अधीन राहून. राज्य सरकारने आगीपासून संरक्षण, आसनव्यवस्था, तिकिटे हे जरूर पाहावे. मंडळाने एकदा मंजूर केलेल्या आशयाची दुसरी परीक्षा घेण्यासाठी हा अधिकार दिलेला नाही.

कोणताही एक धर्म किंवा एक पक्ष यात वेगळा काढता येत नाही, हेही नोंदवतो. २००६ मध्ये ख्रिस्ती संघटनांच्या आक्षेपावरून आंध्र प्रदेशाने 'द दा विंची कोड' वर घातलेली बंदी तिथल्या उच्च न्यायालयाने रद्द केली. २०१३ मध्ये तमिळनाडूत मुस्लिम संघटनांच्या विरोधानंतर जिल्हाधिकाऱ्यांनी जमावबंदीच्या कलमाखाली 'विश्वरूपम' पंधरा दिवस रोखला. मे २०२३ मध्ये पश्चिम बंगाल सरकारने 'द केरला स्टोरी' वर बंदी घातली आणि दहा दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने ती स्थगित केली. त्या चित्रपटाबद्दल माझे मत अनुकूल नाही. तरीसुद्धा ती बंदी चुकीचीच होती.

राजेंद्रनगर, इंदूर

सुदामानगर काका, 'ओएमजी २' मध्ये चूक काय झाली असे आपण विचारलेत. तो चित्रपट किशोरवयीन मुलांना लैंगिक शिक्षण द्यावे या विषयावर होता आणि सत्तावीस बदल केल्यावरही त्याला 'ए' प्रमाणपत्र मिळाले. ज्या मुलांसाठी तो होता त्यांनाच चित्रपटगृहात प्रवेश नव्हता. माझा मुलगा तेव्हा पंधरा वर्षांचा होता.

मला जे मुख्यतः सांगायचे आहे ते मात्र आपल्या मराठी घरांबद्दल आहे. आपण इथे रजपुतांच्या, पुजाऱ्यांच्या, इतर धर्मीयांच्या भावनांविषयी लिहीत आहोत. ज्या महिन्यात 'पद्मावती' वरून वाद पेटला होता त्याच महिन्यात, नोव्हेंबर २०१७ मध्ये, 'दशक्रिया' हा मराठी चित्रपट बंद पाडण्याची मागणी झाली होती. त्या वर्षी सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळालेला होता. पैठणच्या पुरोहितांनी आणि पुण्यातल्या ब्राह्मण संघटनांनी आक्षेप घेतला, याचिका औरंगाबाद खंडपीठापुढे गेली, ती फेटाळली गेली आणि १७ नोव्हेंबरला चित्रपट प्रदर्शित झाला.

माझे वडील भिक्षुकी करत असत. रामबागेपासून लोकमान्य नगरापर्यंत अनेक घरांतली श्राद्धकर्मे त्यांनी केली आणि कोणाकडे दक्षिणेसाठी अडून बसल्याचे मला आठवत नाही. त्या चित्रपटाची झलक मी फोनवर पाहिली आणि माझ्या वडिलांना कोणीतरी भर चौकात लुबाडणारा म्हटले असे मला वाटले. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. त्या क्षणी बंदीच्या मागणीच्या कागदावर सही मागायला कोणी दारात आले असते, तर मी सही केली असती. हे मी लपवून ठेवत नाही.

पुढे काही महिन्यांनी मी तो चित्रपट पूर्ण पाहिला. गोदावरीच्या घाटावर, मृत्यूच्या विधींच्या आधाराने जगणाऱ्या एका गरीब मुलाची ती कथा आहे. त्यातले काही प्रसंग मला आजही एकांगी वाटतात, पण त्या मुलाला पाहताना घाटावर उभी राहणारी, पिंडाकडे आणि नाण्यांकडे एकाच वेळी लक्ष ठेवणारी मुले मला आठवली. मी ती लहानपणी ओंकारेश्वरला पाहिली होती आणि त्यांच्याबद्दल वडिलांना कधीही काही विचारले नव्हते. बंदीच्या मागणीला यश आले असते, तर माझ्याजवळ फक्त राग उरला असता.

२०२५ मध्ये 'फुले' चित्रपटाच्या वेळी हेच पुन्हा झाले. जोतीरावांच्या जयंतीला, ११ एप्रिलला तो येणार होता, पण ब्राह्मण संघटनांच्या आक्षेपानंतर तो २५ एप्रिलला आला. मंडळाने काही जातींची नावे आणि 'पेशवाई' हा शब्द काढायला लावला आणि 'तीन हजार वर्षांची गुलामी' या शब्दांच्या जागी 'अनेक वर्षांची' असे करायला सांगितले. जोतीरावांनी स्वतः जे शब्द छापून प्रसिद्ध केले, त्यांतले काही त्यांच्यावरच्या चित्रपटात चालत नाहीत, हे मला फार लागले. प्रभातने १९३५ मध्ये संत एकनाथांवर चित्रपट काढला, तेव्हा 'महात्मा' या नावातून गांधीजी सूचित होतात म्हणून ब्रिटिशांच्या सेन्सॉरने ते बदलायला लावले आणि चित्रपटाचे नाव 'धर्मात्मा' झाले. अस्पृश्यतेविरुद्ध उभे राहणाऱ्या एकनाथांच्या वेळी परक्या सत्तेला भीती वाटत होती. फुल्यांच्या वेळी कोणाला वाटली?

मांडवीकर, बडोदे

राजेंद्रनगर ताई, आपला प्रतिसाद मी घरात मोठ्याने वाचून दाखवला.

बडोद्यात आम्ही दोन्ही प्रकार पाहिले आहेत. २००७ मध्ये गुजरात दंगलींवरच्या 'परझानिया' ला प्रमाणपत्र होते आणि सरकारी बंदी नव्हती, पण गुजरातमधल्या चित्रपटगृह मालकांनी तो लावला नाही. रामबागकरांना मिळाले तेच उत्तर आम्हाला अकरा वर्षे आधी मिळाले होते. दुसरे उदाहरण जून २०२४ मधल्या 'महाराज' चे आहे. तो घरबसल्या पाहण्याच्या मंचावर येणार होता, म्हणजे तिथे प्रमाणन मंडळाचा संबंधच नव्हता. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी पुष्टिमार्ग या वैष्णव संप्रदायातल्या काही भाविकांच्या याचिकेवरून गुजरात उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. नंतर न्यायमूर्तींनी चित्रपट स्वतः पाहिला, त्यात संप्रदायाच्या भावना दुखावणारे काही नाही असा निष्कर्ष काढला आणि २१ जूनला स्थगिती उठवली. आठ दिवसांत निकाल लागला. भाविकांचे म्हणणेही ऐकले गेले आणि चित्रपटही लोकांपर्यंत पोहोचला.

त्या चित्रपटाचा विषय १८६२ चा मुंबईतला महाराज बदनामी खटला आहे. सुधारक करसनदास मुळजी यांनी आपल्या वृत्तपत्रात या संप्रदायाच्या महाराजांच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, वर्तनावर लिहिले, महाराजांनी पन्नास हजार रुपयांच्या नुकसानभरपाईचा दावा लावला आणि करसनदासांच्या बाजूने डॉ. भाऊ दाजी लाड साक्षीला उभे राहिले. मराठी माणसाने आपल्या शेजाऱ्याच्या धर्मसंस्थेतल्या दोषांबद्दल भर न्यायालयात खरे सांगितले आणि त्याच समाजातल्या सुधारकाला वाचवले, ही गोष्ट आमच्याकडे मराठी आणि गुजराती दोघांनीही सांभाळून ठेवण्यासारखी आहे.

लष्कर, ग्वाल्हेर

सुदामानगर यांनी विचारले की सामान्य भाविकाने काय करावे, त्यासाठी आपल्याच राज्यातले एक उदाहरण देतो. सप्टेंबर २०२४ मध्ये 'इमर्जन्सी' बद्दल जबलपूर आणि इंदूरच्या शीख संस्था उच्च न्यायालयात गेल्या. मंडळाने प्रमाणपत्र अजून दिलेले नाही असे तिथे सांगितले आणि न्यायालयाने या संस्थांच्या निवेदनाचा विचार करावा असे मंडळाला सांगून प्रकरण निकाली काढले. चित्रपट बदलांसह जानेवारी २०२५ मध्ये आला. या मार्गाने जाताना कोणाचे नुकसान झाले नाही.

जुना पडदा, इंदूर

मी दोन दशकांहून अधिक काळ मध्य भारतातल्या चित्रपटगृहांमध्ये व्यवस्थापक म्हणून काम केले. रामबागकरांच्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

चित्रपट कोणी अडवत नाही, तो अडतो. आधी एक शिष्टमंडळ निवेदन घेऊन येते. त्यांना चहा दिला जातो आणि ते नम्रपणे सांगतात की आमची मुले तरुण आहेत, त्यांना आम्ही आवरू शकणार नाही. मग पोलिसांकडून विचारणा होते. तिचा सूर 'आम्ही बंदोबस्त देऊ' असा आहे की 'काही झाले तर जबाबदारी तुमची' असा आहे, यावर पुढचे सगळे ठरते. दुसरा सूर असेल तर मालक तोंडी सांगतात की हा आठवडा दुसरे काहीतरी लावा. पडदा फाटला किंवा काचा फुटल्या तर किती खर्च येईल हे त्यांना ठाऊक असते, आणि बाल्कनीत लहान मुले घेऊन आलेल्या बायका बसलेल्या असतात, हे मला ठाऊक असते. यातले काहीच कागदावर येत नाही.

सरकारचा सूर बदलला की काय होते हेही आपण इंदूरमध्येच पाहिले आहे. डिसेंबर २०२२ मध्ये राज्याच्या गृहमंत्र्यांनी 'पठाण' मधल्या एका गाण्यातल्या भगव्या पोशाखावर जाहीर आक्षेप घेतला होता. २५ जानेवारी २०२३ ला सकाळी शहरात निदर्शने झाली, काही खेळ रद्द करावे लागले, आणि एका ठिकाणी दिल्या गेलेल्या अवमानकारक घोषणांमुळे दुसऱ्या समाजाचे लोकही पोलीस ठाण्यांसमोर जमले. चित्रपटाशी काहीही संबंध नसलेल्या वस्त्यांमध्ये तणाव पसरला, आणि त्या दुपारची धास्ती मला आजही आठवते. पण त्याच दिवशी त्याच गृहमंत्र्यांनी सांगितले की मंडळाने दुरुस्त्या केल्या आहेत, आता विरोधाला अर्थ नाही. गुन्हे दाखल झाले, चित्रपटगृहांबाहेर पोलीस उभे राहिले आणि चित्रपट चालला. २०१८ मध्ये लोक वेगळे नव्हते आणि काचाही वेगळ्या नव्हत्या.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. २०१८ च्या त्या आठवड्यात चित्रपट लावू नका असे सांगणारी निवेदने माझ्या टेबलावर आली होती, दूरध्वनीही पुष्कळ आले होते. चित्रपट लावा, आम्ही येऊ, असे लिहिलेले एकही पत्र आले नाही.

सुदामानगर, इंदूर

मी माझे पहिले मत पूर्णपणे सोडलेले नाही. देवतांच्या चित्रणात संयम असावा असे मला अजूनही वाटते आणि तो संयम मंडळाने पाहावा. परंतु मंडळाने पाहिल्यानंतर आमच्या नावाने दुसऱ्याच कोणीतरी चित्रपटगृहाबाहेर उभे राहावे हे माझ्या वडिलांना आवडले नसते, एवढे मी राजेंद्रनगर ताईंचा प्रतिसाद वाचल्यानंतर मान्य करतो.

रामबागकर, इंदूर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. २०१८ मध्ये मी माहितीच्या अधिकाराखाली एका शासकीय कार्यालयाकडे अर्ज केला होता आणि हा चित्रपट शहरात कोणाच्या आदेशाने दाखवला गेला नाही, असे विचारले होते. 'या कार्यालयाने असा कोणताही आदेश काढलेला नाही' असे एका ओळीचे उत्तर मला आले. ते खरेच होते, हे जुना पडदा यांचे लेखन वाचून आज कळले. त्याच फेब्रुवारीत राजस्थान उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी तो चित्रपट स्वतः पाहिला आणि दिग्दर्शकावरचा गुन्हा रद्द केला, पण तोवर आमच्याकडचा आठवडा निघून गेला होता.

शाहबानो याच शहरातल्या होत्या. त्यांच्या लढ्यावरून स्फुरलेल्या 'हक' ला स्थगिती द्यावी ही कुटुंबीयांची याचिका नोव्हेंबर २०२५ मध्ये आपल्या इंदूर खंडपीठाने ऐकली, कारणे देऊन फेटाळली आणि चित्रपट ठरल्या दिवशी लागला. म्हणजे या शहरात हे व्यवस्थित होऊ शकते.

जुना पडदा यांनी सांगितलेली न आलेल्या पत्राची गोष्ट माझ्या मनातून जात नाही, कारण ते पत्र मीही लिहिले नव्हते. मी चौकशी केली, अर्ज केला, आणि दोन्ही गोष्टी चित्रपट न लागल्यानंतर केल्या. म्हणून एक मसुदा खाली देत आहे. पुढच्या वेळी प्रमाणपत्र मिळालेल्या कोणत्याही चित्रपटाविरुद्ध इंदूरमध्ये निवेदन दिले गेल्याची बातमी आली, तर त्याच दिवशी मी हे पत्र चित्रपटगृहाला आणि त्याची प्रत जिल्हाधिकारी व पोलीस आयुक्त यांना देणार आहे. अभिभाषक यांनी भाषा तपासून द्यावी, ही विनंती.

'महोदय, केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाने मंजूर केलेला हा चित्रपट आपण लावावा अशी आमची विनंती आहे. खाली सही करणारे आम्ही सर्व जण पहिल्या दिवशीच्या खेळाला तिकीट काढून येणार आहोत. प्रदर्शनाच्या वेळी पुरेसा बंदोबस्त ठेवावा, असे आम्ही प्रशासनालाही स्वतंत्रपणे कळवले आहे. चित्रपट न लावण्याचा निर्णय आपण घेतल्यास तो कोणाच्या सांगण्यावरून घेतला, हे कृपया लेखी कळवावे.'